चेहरा द्यायचं काम

आधी जयाबायचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. माहीमची जयाबाय. मुंबईतलं माहीम नव्हे, आमच्या पालघरकडचं, केळव्याच्या शेजारचं. ती नसती तर मी आज बोईसरला दिव्यासमोर स्टुलावर बसलेली नसते. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी कोणाच्या तरी शेतात सोयाबीन सोंगत असते. सोंगणीत वाईट काही नाही, पण माझी कंबर तेव्हाही दुखायची.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा फोन आला तेव्हा मी विचारलं, नक्की मलाच लावलाय ना फोन? आठवीत शाळा सुटली माझी. फोन ठेवल्यावर पुन्हा फोन करून विचारलं. ते हसले आणि म्हणाले, तुम्हालाच. म्हणून लिहिते आहे. शुद्धलेखन ते बघतील म्हणाले आहेत.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. आजूबाजूला औषधांचे, रंगांचे, कापडाचे, लोखंडाचे कारखाने. त्या सगळ्यांना आपापला वास आहे. आमच्या गाळ्याला वास नाही, हा आमचा पहिला मोठेपणा. आम्ही शूटिंगचे दिवे बनवतो. सिनेमा, मालिका, जाहिराती, बातम्या, यांच्यासाठी लागणारे चपटे एलईडी पॅनल. पोळपाटाएवढ्यापासून खिडकीएवढ्यापर्यंत. कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मग हिरो पाहिला का? पाहिला नाही. हिरोवर पडणारा उजेड आमच्या हातातून जातो, हिरो दुसऱ्या वाटेने जातो.

पॅनल आतून साधं असतं. मोहरीएवढे दिवे एका पट्टीवर ओळीने बसवलेले असतात. ते दिवे कॅसेटच्या फितीसारख्या रिळात येतात. निम्मे पिवळसर, निम्मे निळसर पांढरे. बटन फिरवलं की एकाचा जोर कमी, दुसऱ्याचा जास्त. सकाळच्या कोवळ्या उन्हापासून भर दुपारपर्यंत सगळं एका बटनात. मागे अॅल्युमिनियमचा पत्रा, कारण हे दिवे तापतात. पुढे दुधी रंगाची शीट, कारण नुसता दिवा डोळ्यात सुई टोचल्यासारखा लागतो.

यात एवढं काय, असं मलाही वाटायचं. घरातली ट्यूबसुद्धा उजेड देते. पण माणसाचा डोळा समजूतदार असतो. उन्हातून घरात आला, ट्यूबखाली गेला, चुलीपुढे बसला, तो सगळं सांभाळून घेतो. पांढरा कागद त्याला सगळीकडे पांढराच दिसतो. कॅमेरा समजूतदार नाही. जे आहे ते दाखवतो. उजेडात थोडं हिरवं असेल तर माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. दिवा इतक्या वेगाने लुकलुकत असेल की आपल्याला कळतही नाही, तर कॅमेऱ्यात पडद्यावरून काळ्या पट्ट्या सरकत राहतात. पालघरचा एक बातमीदार अशाच पट्ट्यांची तक्रार घेऊन आला होता. तावातावाने पॅनल टेबलावर ठेवलं. आम्ही लावून बघितलं, स्वच्छ. मग त्याच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघितला तर पट्ट्या होत्या, पण त्या मागे भिंतीवर लावलेल्या सरकारी ट्यूबच्या होत्या. तो म्हणाला, "म्हणजे मंत्री बोलत असताना ट्यूब बंद करायला सांगू मी?" जयाबाय म्हणाली, "मंत्र्याला बंद करन्यापेक्षा सोप्पा हाय ना?"

अशी ही जयाबाय. नारळाच्या ओल्या खोबऱ्यासारखी गोरी, चेहरा पसरट, नाकात चमकी. गाळा सुरू झाला तेव्हापासूनची. नवरा होडीवर होता, तो लवकर गेला. मुलगा तेव्हा लहान. ती माहीमहून रोज यायची आणि सगळ्यांच्या आधी यायची.

आता चेहऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दिवे तपासायला आमच्याकडे मीटर असतं. पॅनलसमोर धरलं की उजेडाला गुण देतं. पण शेठना सुरुवातीलाच कोणा जुन्या कॅमेरामनने सांगितलं होतं की मीटरवर भरवसा ठेवा, पण माल माणसाच्या तोंडावर बघितल्याशिवाय पाठवू नका. लोक शूटिंगमध्ये कागद बघत नाहीत, तोंडं बघतात. तेव्हापासून गाळ्यात पद्धत पडली. नवीन रिळाचा माल तयार झाला की स्टुलावर कोणीतरी बसायचं, मागे राखाडी कापड, समोर पॅनल, बाजूला कॅमेरा, आणि शेठ टीव्हीवर बघायचे. याला आम्ही म्हणतो चेहरा देणं. आधी पाळीपाळीने सगळे द्यायचे. पण एकाला हसू यायचं, एक सारखा नाक खाजवायचा. जयाबाय दगडासारखी बसायची. म्हणून चेहरा कायमचा तिचाच झाला. गाळ्यातून निघालेला प्रत्येक दिवा तिच्या तोंडावरून पास होऊन गेला होता.

मी पॅकिंगला लागले होते. माझे मालक, म्हणजे नवरा, लोखंडाच्या कारखान्यात कंत्राटावर. कंत्राट म्हणजे आज आहे, उद्या गेटवर नाव नाही. बेटेगावला आमची भाड्याची खोली. गाव इतकं लांब की सणाला जायचं म्हटलं तरी निम्मा सण गाडीतच जातो. मला तेव्हा सगळ्याचीच धास्ती वाटायची. हात सारखे घामेजायचे, म्हणून मी सारखे धुवायचे. सगळे हसायचे. जयाबायने मात्र शेठना सांगितलं, "या वाशीमला टेबलावर द्या. हिचे हात पोलिसांपेक्षा साफ हायत." दुधी शीटवर बोटाचा ठसा उमटला तर उजेडात डाग पडतो, म्हणून टेबलावर स्वच्छ हात लागतात. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मी वाशीमच. लाडात आली तर बाय.

टेबलावर आम्ही दोघी. ती चेहरा द्यायची, मी पॅनल पुसून लावायचे, उतरवायचे, जोड्या लावायचे. जोड्या म्हणजे एका सेटमधली सगळी पॅनल एकाच रिळाची असली पाहिजेत. भाताची दोन शितं वेगळी दिसत नाहीत, पण दोन वेगळ्या तांदळांचा भात एका ताटात वाढला तर कळतो. तसं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक जण यायचा. त्याला दिवा हवा होता, पण सोबत गोरं करायचं बटनही हवं होतं. "नवरी सावळी असली तर तिच्याकडचे पैसे देताना तोंड वाकडं करतात," तो म्हणायचा. जयाबाय म्हणाली, "नवरीला नको, सासूला लाव बटन, म्हंजे ती गप बसंल." माहीमचाच एक पानवेलवाला आला होता. त्याला विड्याच्या पानांचे फोटो बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायचे होते आणि पानं आहेत त्यापेक्षा हिरवी दिसायला हवी होती. आम्ही म्हटलं, आमचा दिवा आहे तसंच दाखवतो. तो म्हणाला, मग तुमच्यापेक्षा पावसाळा बरा. आणि रागावून गेला. लोकांना दिवा हवा असतो, खरा उजेड हवा असतोच असं नाही. हे मला तिथे कळलं. पण गाळ्याचा मोठेपणा त्यातच होता, की आमचा दिवा खोटं बोलत नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मग ते वर्ष आलं. धंदा मंद होता. जुन्या रिळांचा पुरवठा बंद झाला आणि शेठनी दुसरीकडून रिळं घेतली. नवं मीटरही आणलं. ते जास्त हुशार होतं म्हणे. ते आलं त्या आठवड्यात शेठ म्हणाले, "आता टेबलावर दोघींची गरज नाही. हा सेट जाऊ दे, मग बघू." बघू म्हणजे काय हे कंत्राटी माणसाच्या बायकोला सांगावं लागत नाही. दोघींत नवी मी. पॅकिंगची माझी जागाही तोवर दुसरीला दिलेली. आणि त्याच महिन्यात मालकांचं नाव गेटवरून उतरलेलं. माझं काम गेलं असतं तर खोली सोडून गावी जायचं, एवढाच हिशोब होता. तो मी रोज करायचे, उत्तर तेच यायचं.

नव्या रिळाचा पहिला सेट एका मालिकेसाठी गेला. शूटिंग माहीमला, सुपारीच्या वाडीतल्या एका जुन्या घरात. नवा माल म्हणून शेठनी आम्हा दोघींना सोबत पाठवलं. जयाबायला गाव माहीत, मला पॅनल माहीत. दिवे भाड्याने देणाऱ्यांचे इक्बालभाई मुंबईहून गाडी घेऊन आले होते. लाइटच्या कामात त्यांचे केस पिकले होते. मला म्हणाले, "बेटी, पॅनल को पोंछो कम, हवा लगने दो." मी पुसणं थांबवलं, पण मला काय करावं सुचेना, म्हणून पुन्हा पुसलं.

प्रसंग असा होता. घरात लग्न आहे. ओसरीवर शेजारणी बसून तांदूळ निवडताहेत, मधोमध नायिका. शेजारणी म्हणून गावातल्या आणि आतल्या पाड्यांवरच्या बायका बोलावल्या होत्या. आपापल्या साड्या नेसून, फुलं माळून आल्या होत्या. त्यांच्यात मंगी म्हणून एक होती, ती मोठ्याने बोलायची. जयाबायची जुनी ओळख.

दिवे लागले. मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं, छान दिसत होतं. मग टीव्हीवर बघितलं. नायिका चांगली दिसत होती, अगदी झगझगीत. पण तिच्याभोवतीच्या सगळ्या बायका मातकट, ओठ जांभळट, गालांवर हिरवट झाक. जणू त्या लग्नघरात नव्हे, दवाखान्यात बसल्यात.

कॅमेरामन पुढे झाला. त्याने बटन इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. नायिका पिवळी झाली, निळी झाली. मागच्या बायका काही जिवंत होईनात.

दिग्दर्शक तरुण मुलगा होता, उन्हाने आणि वेळेने वैतागलेला. म्हणाला, "मागच्यांना जरा मेकअप मारा. नाहीतर बाजूला घ्या, नायिकेवर करून टाकू."

मेकअपवाला पावडर घेऊन गेला आणि एकेकीला थापून आला. पडद्यावर आणखी वाईट दिसलं. जयाबाय माझ्या कानाशी म्हणाली, "पीठ लावून ठेवलेले बोंबील. तेल तापलं का इचार."

मला हसू आलं नाही. मी मनात जोड्या पुन्हा मोजत होते.

मंगीने वाकून टीव्हीत बघितलं. "ओ दादा," ती म्हणाली, "आमी काय भुतं हाव? घरच्या आरशात तर बऱ्या दिसतो आमी."

"आरसा तुजा हाय, कॅमेरा त्यांचा," जयाबाय म्हणाली.

"मग जाव का आमी? सकालपासून भात टाकून आलोय."

कॅमेरामन एवढंच म्हणाला, "लाइट में गड़बड़ है." आणि इक्बालभाईंनी शेठना फोन लावला. मोठ्या आवाजावर लावला, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

शेठ म्हणाले, मीटरवर सगळी पॅनल पास आहेत, गुण चांगले आहेत. मग म्हणाले, "टेबलावर ती नवी होती ना? तिने जोड्या चुकवल्या असणार. जुनं-नवं एकात घातलं असणार. जयाबाई, तिला सांगा, उद्यापासून येऊ नको."

मी जोड्या चुकवल्या नव्हत्या. पण माझं मलाच खरं वाटेना. घाबरट माणसाचं असंच असतं, कोणी बोट दाखवलं की आधी स्वतःलाच विचारतं, केलं असशील का.

जयाबायने इक्बालभाईंच्या हातातून फोन घेतला. "शेठ, जोड्या बरोबर हायत. एकाच रिळाचा माल हाय, माज्या समोर लावला हिने. चेहरा माजा होता. पास मी केला."

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमचं काही नाही यात."

"माजाच तर हाय सगला. आता जो काय तुमचा दिवा वाईट निघाला, तो माज्या तोंडावर चांगला दिसला. मंग नापास कोण, ही का मी?"

जयाबायला यातलं काही बोलायची गरज नव्हती. ती गप्प राहिली असती तर तिचं काम तिच्याजवळ राहिलं असतं आणि माझं गेलं असतं. शेठनी वाट मोकळी करून दिली होती. ती त्या वाटेने गेली नाही.

कॅमेरामनने आम्हा दोघींकडे बघितलं. मग मला म्हणाला, "आप बैठिए यहाँ. और आप भी, बाजू में."

आम्ही दोघी नायिकेच्या जागी पाटावर बसलो. मी पहिल्यांदा चेहरा दिला तो असा, गाळ्यात नाही, माहीमच्या ओसरीवर, सगळ्या गावासमोर. समोर टीव्ही वळवून ठेवला होता. जयाबाय आहे त्याहून गोरी दिसत होती, अगदी लग्नवाल्याच्या बटनासारखी. मी शेजारी विझलेल्या चुलीतली राख. मी गावात कधी गोरी म्हणून ओळखली गेले नाही, पण इतकी वाईट मी नव्हते.

इक्बालभाई गाडीकडे गेले. आमच्याच गाळ्याचं एक जुनं पॅनल घेऊन आले, ओरखडे पडलेलं, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेलं. जुन्या रिळाचं. नवं बंद केलं, ते लावलं.

टीव्हीवर माझा चेहरा आला. तव्यावरून उतरवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा रंग असतो ना, तसा. तो माझा होता. मंगी लांबूनच ओरडली, "आता बाय मानसात आली!"

कॅमेरामन म्हणाला, "ये है स्किन."

नव्या दिव्यांत लाल कमी होतं, हे मग उलगडलं. मीटर सगळ्या रंगांचे गुण एकत्र करून सरासरी सांगतं. शाळेत एखादा पोरगा एका विषयात नापास असला तरी बाकीचे विषय चांगले असले की टक्के बरे दिसतात, तसं. आणि गोऱ्या तोंडावर लाल कमी पडलं तर ते अजून गोरं दिसतं, मग कोणाला तक्रार सुचत नाही. सावळ्या तोंडात मात्र सगळी जान त्या लालातच असते. ती गेली की राख उरते. इतके दिवस आम्ही सगळे दिवे एकाच गोऱ्या तोंडावर बघत होतो आणि जुनी रिळं चांगली होती म्हणून निभावलं होतं.

पण ते नंतर. त्या दिवशी एका जुन्या पॅनलवर सगळी ओसरी उजळणार नव्हती. शेवटी इक्बालभाईंनीच सुचवलं, "बाहर ले लो. सूरज का लाइट अभी तक किसीने रिजेक्ट नहीं किया." तांदळाची सुपं उचलली, सगळ्या बायका वाडीत सुपारीच्या झाडांखाली जाऊन बसल्या, थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या धरून ऊन तोंडांवर उडवलं. नायिकेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती दिग्दर्शकाला म्हणाली, मला उन्हात दिसत नाहीये. मंगी म्हणाली, "आमाला दिसतंय, तुमी बसा." कोणाला बाजूला घ्यावं लागलं नाही. दुपारचं जेवण सगळ्या जेवून गेल्या.

परत येताना मला जयाबायचे आभार मानायचे होते, पण अजून माझं काम राहिलं की गेलं हे कळलं नव्हतं, आणि आधीच आभार मानले तर नजर लागेल असं वाटत होतं. मी अशीच आहे.

दुसऱ्या दिवशी शेठ टेबलापाशी आले. शेठ वाईट माणूस नाही, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी नव्या रिळाचा कागद पुन्हा काढून लालचे गुण वेगळे बघितले होते आणि सगळा माल परत मागवला होता. मला म्हणाले, "तुझी चूक नव्हती." मी हो म्हणाले की धन्यवाद म्हणाले आठवत नाही. मग ते म्हणाले, "पण टेबलावर एकच जण राहील. तो प्रश्न तसाच आहे."

जयाबाय म्हणाली, "मग हिला बसवा."

"आणि तुम्ही?"

"पॅकिंगला."

"तिथे दिवसभर उभं राहायचं असतं. तुमचे गुडघे—"

"माज्या तोंडावर काय पन चांगला दिसतो शेठ," ती म्हणाली. "त्याचा दिव्याला काय उपेग?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू, मला ते हवंच होतं, आणि माझ्या घरात त्या दिवशी दोन माणसांच्या जेवणाचा प्रश्न त्या स्टुलावर होता. पॅकिंगची एक मुलगी लग्न होऊन जाणार होती, त्या जागी जयाबाय गेली. खोकी उचलायची, फोम कापायचा, पट्ट्या ओढायच्या. बसायला तिथे जागा नव्हती, कारण बसून ते काम होत नाही.

पुढे शेठनी पद्धत बदलली. आता एका तोंडावर माल पास होत नाही. माझा चेहरा असतो, एखादा माझ्याहून काळा असतो, एखादा गोरा. पाड्यावरून येणारा एक सफाईवाला आहे, त्याला आम्ही आवर्जून बसवतो. तो म्हणतो, मला याचे वेगळे चहा द्या. गोऱ्या चेहऱ्यासाठी जयाबायला पॅकिंगमधून हाक मारायचे. ती यायची, पदर नीट करायची, दगडासारखी बसायची. तेवढीच तिला बसायला मिळायची. झालं की उठताना टेबलाचा आधार घ्यायची आणि म्हणायची, "चल वाशीम, माजा आराम संपला."

मालकांना पुढे दुसऱ्या कारखान्यात काम लागलं. आम्ही बेटेगावलाच आहोत. मुलगी बोईसरच्या शाळेत जाते आणि जयाबायसारखं "नाय" म्हणते, याचा तिच्या आजीला गावी फार राग येतो. मी आजही टेबलावर आहे. सिनेमावाले लोक गाळ्यात येतात, माझ्या तोंडाकडे बघून आपसात इंग्रजीत बोलतात, आणि होकार देतात. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, काहीतरी चुकलंय. आता मला त्यांच्या मान डोलावण्यावरूनच कळतं, दिवा पास झाला. हल्ली मोबाईलमध्येच चेहरा उजळ करायची सोय आली आहे, त्यामुळे कधी वाटतं आम्ही एवढं जपून पाठवलेला खरा रंग शेवटी कोण ठेवतं कोणास ठाऊक. पण ते आमच्या गाळ्याबाहेरचं झालं.

जयाबायने काम सोडून आता बरेच दिवस झाले. मध्ये सुट्टीला मी माहीमला गेले होते. ओट्यावर पाय लांब करून करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत बसली होती. गुडघे सुजलेले. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय, दोन्ही. मुलगा होडीवर असतो, सून केळव्याला एका हॉटेलात कामाला जाते. मी विचारलं, मग कधी करणार?

"करू ना. कोन बसनार मंग दवाखान्यात माज्यापाशी? सुनेनं काम सोडायचा का?" करंदीची साल तिने माझ्या पायाजवळ टाकली. "तू नको तोंड पाडू. तुजा तोंड गाळ्याच्या कामाचा हाय."

मी तिथे काही बोलले नाही. तिच्यासमोर असं काही बोललं की ती करंदीसकट हाकलते. म्हणून इथे लिहून ठेवते, छापलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. जयाबाय, तारीख काढ. मी शेठशी बोलले आहे, रजा मागून ठेवली आहे, वाशीमला या वर्षी जाणार नाही. माझ्या वाटणीचं तू जेवढं उभी राहिलीस, तेवढं मी तुझ्या खाटेपाशी बसेन.